पाणी कुठपर्यंत आलं होतं?

मुंबईत मरीन ड्राइव्हला घर बघायला गेलेला माणूस (आपण बघायलाच जाणार, घ्यायला नव्हे!) आधी खिडकीपाशी जातो. समुद्राची चिमूटभर निळाई दिसली की दलालाचा आवाज खाली येतो आणि भाव वर जातो. आमच्या महाड-बिरवाडीकडे खिडकीतून नदी दिसली, तर दलालच लगबगीने खिडकी लावून घेतो. पाणी ते पाणीच. तिथं ते भाव चढवतं, इथं स्वतःच चढतं.

सावित्री, गांधारी आणि काळ या आमच्या नद्या. तिसरीचं नाव ठेवणारा दूरदर्शी असावा. जुलै २००५ मध्ये आणि पुन्हा २२ जुलै २०२१ ला महाडची बाजारपेठ पाण्याखाली गेली. त्यामुळे इथला जाणता माणूस 'नळाला पाणी येतं का?' असं विचारीत नाही. 'घरात किती आलं होतं?' असं विचारतो. उंचावरच्या जागा नुसत्या उंचावर आहेत म्हणून भाव खातात. पेठेतला तळमजला विकणारा मात्र आधी रंगाऱ्याला बोलावतो. पुराची रेघ रंगाच्या दोन हातांत जाते.

ती जाऊ द्यावी का? प्रश्न जुना आहे. रोमच्या सिसेरोने इ.स.पूर्व ४४ मध्ये, अथेन्सला शिकायला ठेवलेल्या मुलासाठी कर्तव्यांवर ग्रंथ लिहिला, त्यात हाच वाद आहे. दोष असलेलं घर विकताना मालकाने तो आपणहून सांगावा का? बाबिलोनचा डायोजेनिस (पिंपात राहणारा तो नव्हे, त्याला घर विकायचंच नव्हतं) म्हणतो, कायद्याला हवं तेवढं सांगा, पुढचं घेणाऱ्याने बघावं. त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणतो, सगळं सांगा. सिसेरोचा कौल शिष्याच्या बाजूने.

आपला १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदाही थोडा शिष्याकडेच झुकतो. मोठा दोष मालकाला ठाऊक असेल, आणि घेणाऱ्याला नेहमीच्या चौकशीत कळण्यासारखा नसेल, तर सांगायला हवा. पण महाडचा पूर तर सगळ्या तालुक्याला ठाऊक! ठाऊक नसतो तो एमआयडीसीत नोकरीला आलेल्या परगावच्या पोराला. तो घर बघतो डिसेंबरात. तेव्हा नदी इतकी गरीब दिसते की तिला चहा विचारावासा वाटतो.

म्हणून मी अँटिपेटरचा माणूस. फक्त एक गोष्ट खटकते. उंचावरच्या मालकाला खरं बोलणं फुकट पडतं. ज्याचं घर बुडालं, त्याला तेच खरं सांगून दुसऱ्यांदा बुडावं लागतं.

पेठेतल्या ओळखीच्या एका काकूंना मी म्हटलं, "रंग द्या, पण रेघ ठेवा."

"ठेवते की! तिच्यापायी जेवढे कमी येतील, तेवढे तुम्ही देणार का भाऊ?"

मी चहा प्यायलो. पुढे विदर्भातलं एक गिऱ्हाईक आलं. भिंती गुलाबी, कोऱ्या. काकूंनी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं,

"पोहता येतं ना तुम्हांला?"