भरताचं हरीण, धर्मराजाचं कुत्रं आणि आमचा टिकोजीराव

भागवताच्या पाचव्या स्कंधात भरत राजाची गोष्ट येते. राज्य सोडून तो गंडकीच्या काठी पुलहाश्रमात जाऊन राहिला. एके दिवशी सिंहाच्या डरकाळीने घाबरलेल्या गाभण हरिणीने नदीवरून उडी घेतली. पाडस प्रवाहात पडलं, हरिणी मेली. भरताने पाडस उचलून आणलं. मग त्याला कोवळं गवत शोधणं, त्याला कुरवाळणं, ते दिसलं नाही की कासावीस होणं सुरू झालं. यमनियम, पूजा, एकेक करत सगळं सुटलं. मरताना नजर हरणावर होती, म्हणून पुढचा जन्म हरणाचा आला. राज्य सुटलं, बायकापोरं सुटली आणि गडी अडकला एका पाडसात.

श्रावणात एका देवळात बुवांनी ही गोष्ट फार रंगवून सांगितली आणि शेवटी म्हणाले, "हल्ली घराघरांत हरणं झालीत. गळ्यात पट्टा बांधलेली. सांभाळा." लोक हसले. पुढच्या रांगेतल्या दोघींनी वळून आमच्याकडे पाहिलं, कारण आमचा टिकोजीराव साऱ्या गल्लीला ठाऊक आहे. कुसुम माझ्या कानात पुटपुटली, "यांचीही चप्पल गेलेली दिसते."

आम्ही तिघी सांगलीच्या गावभागात एका जुन्या घरात राहतो. घर शालनचं, स्वयंपाक कुसुमचा, हिशेब माझा. शालन पतपेढीत रोखपाल होती, कुसुम सरकारी दवाखान्यात सिस्टर आणि मी शाळेत गणिताची बाई. लहानपणी एका बाकावर बसलो, आता एका छपराखाली म्हाताऱ्या होतोय. टिकोजीराव आला २०१९च्या महापुरानंतर. पाणी ओसरलं होतं, जिन्यावर गाळ साचला होता. त्याच गाळाच्या रंगाचं एक पिल्लू वरच्या पायरीवर बसून आमच्याकडे बघत होतं, जणू घर त्याचं आणि भाडं थकवलेल्या आम्ही. शालन म्हणाली, "मोठा टिकोजीराव लागून गेलाय!" तेच नाव पडलं. रागावलो की टिक्या.

हा टिक्या पाहुण्यांची फक्त डावी चप्पल पळवतो. उजवीला तोंड लावत नाही. का, ते त्याचं त्याला माहीत. सांडगे वाळत घातले की राखणीला बसतो आणि राखणीचा मोबदला परस्पर वसूल करतो. रविवारी दुपारी समोरचे पाटीलमामा, एसटीतून निवृत्त झालेले, चौथा भिडू म्हणून येतात आणि मेंढीकोट रंगतो. एकदा टिक्याने हुकमाची दश्शी मामांच्या हातातून अशी ओढली की मामांचा चष्माच खाली आला. दश्शी सापडली तुळशीच्या कुंडीत, दोन दातांच्या खुणांसकट. तो जोड आम्ही बदलला नाही. त्यामुळे ती दश्शी कुणाकडे आहे हे आता पानाच्या पाठीवरूनच कळतं आणि तरी डाव चालतो.

चार वाजता चहा, बशीत भडंग, शालनच्या रेडिओवर नाट्यगीत आणि टिपॉयच्या कडेला टेकलेलं टिक्याचं नाक. याहून मोठं सुख मी कधी मागितलेलं नाही. म्हणूनच बुवांचा प्रश्न मला झटकून टाकता येईना. हे सगळं म्हणजे भरताचं हरीणच की काय? घरातली, मैत्रीतली, एका मुक्या जनावरातली गोडी ही परमार्थाच्या वाटेवरची धोंड असते, की तिच्यातूनच वाट जाते?

आमच्या घरात या प्रश्नाची पहिली सुनावणी चंपाषष्ठीला झाली. शालनकडे खंडोबाचा कुळाचार आहे. वांग्याचं भरीत, बाजरीचे रोडगे, आणि नैवेद्यातला एक घास कुत्र्यासाठी बाजूला काढायची तिच्या घरची रीत. गेल्या वर्षी आम्ही आरतीसाठी कापूर शोधेपर्यंत टिक्याने कुत्र्याचा घास तसाच ठेवून देवाचं ताट साफ केलं. शालन हबकली. कुसुम म्हणाली, "अगं, खंडोबाबरोबर कुत्रा असतोच ना? मग देवाघरीच गेलं की." शालनला ते पटलं नाही. तिने पुन्हा पीठ मळलं, रोडगे भाजले, देवाला दाखवले. पण त्या दुसऱ्या नैवेद्यातूनही तिने कुत्र्याचा घास न चुकता काढला. चोराचा हक्काचा वाटा बुडवला नाही.

त्या रात्री मी दोघींना छांदोग्य उपनिषदातली कुत्र्यांची गोष्ट सांगितली. पहिल्याच अध्यायात आहे ती. बक दाल्भ्य नावाचा ऋषी स्वाध्यायासाठी बाहेर पडला, तर त्याला एक पांढरा कुत्रा दिसला. बाकीचे कुत्रे त्याच्याभोवती जमले आणि म्हणाले, आम्हाला भूक लागली आहे, आमच्यासाठी गाऊन अन्न मिळव. पांढरा म्हणाला, सकाळी या. सकाळी ते कुत्रे, यज्ञात ऋत्विज एकमेकांना धरून चालतात तसे, रांगेने आले, बसले आणि ओंकार लावून खाण्यापिण्याचं गाणं गायले. शंकराचार्य भाष्यात म्हणतात की ऋषीवर प्रसन्न झालेली देवता किंवा कुणी ऋषीच कुत्र्याच्या रूपाने आले होते. अलीकडचे काही अभ्यासक याला पुरोहितांची थट्टा मानतात. थट्टा असो की उपासना, हा उतारा उपनिषदातून कुणी काढून टाकला नाही, याचं मला अप्रूप वाटतं. ब्रह्मविद्येच्या ग्रंथाने भुकेला दाराबाहेर काढलं नाही आणि पोट भरल्याच्या आनंदाला हलकं म्हटलं नाही. तेव्हा सुखातच खोट आहे, हे म्हणणं काही टिकत नाही. मग भरताचं चुकलं कुठे?

याचं उत्तर मला दुसऱ्या एका कुत्र्यापाशी मिळालं. महाभारताच्या सतराव्या पर्वात पाच पांडव आणि द्रौपदी हस्तिनापूर सोडून निघतात आणि त्यांच्यामागे एक कुत्रं चालू लागतं. वाटेत द्रौपदी पडते, मग सहदेव, नकुल, अर्जुन, शेवटी भीम. युधिष्ठिर मागे वळून पाहत नाही. इंद्र रथ घेऊन येतो आणि म्हणतो, चल, पण कुत्र्याला स्वर्गात जागा नाही. युधिष्ठिर म्हणतो, आश्रयाला आलेल्याला टाकून मला स्वर्ग नको. इंद्राचा पुढचा प्रश्न बिनतोड आहे. भावांना आणि बायकोला सोडून आलास, मग या कुत्र्याचंच एवढं काय? युधिष्ठिर सांगतो, ते मेले होते, त्यांना उठवणं माझ्या हातात नव्हतं. ते जिवंत असताना मी त्यांना सोडलं नाही. हे जिवंत आहे.

ते कुत्रं म्हणजे साक्षात धर्म होता, हे पुढे कळतं. पण उत्तर देताना युधिष्ठिराला ते माहीत नव्हतं. शिवाय त्या कुत्र्याने कसलाही पराक्रम केलेला नाही. कुणाला वाचवलं नाही, वाट दाखवली नाही. ते फक्त बरोबर चाललं.

हा प्रसंग मी शाळेत असल्यापासून ऐकत आले, तो कळला मात्र महापुरात. आम्ही तिघी बोटीतून बाहेर पडत होतो. मागच्या आळीतल्या एक आजी वरच्या गॅलरीत काखेत काळी कुत्री घेऊन उभ्या होत्या. बोटीवरच्या पोरांनी हात जोडले, "आजी, माणसांनाच जागा पुरेना." पोरांचं चुकत नव्हतं. त्याच पुरात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं बुडाली. आजी म्हणाल्या, "मग माझ्या जागी दुसऱ्या कुणाला घ्या. आम्ही दोघी थांबतो." पाणी उतरेपर्यंत त्या माळ्यावर राहिल्या आणि दोघी वाचल्या. कुत्रीसाठी त्यांनी कुणाची जागा अडवली नाही, स्वतःची सोडली.

युधिष्ठिरानेही हेच केलं. पणाला लावण्याची त्याची खोड जुनी. द्यूतात त्याने भाऊ लावले, बायको लावली. महाभारताच्या शेवटाला तो पुन्हा पण लावतो, पण या वेळी फक्त स्वतःचा स्वर्ग लावतो. दुसऱ्याच्या वाट्याला हात घालत नाही. एवढं शिकायला त्याला अख्खं आयुष्य लागलं.

आता भरताकडे पुन्हा बघू. पाडस उचललं यात त्याचं काही चुकलं नाही. बुडणाऱ्या जिवाला हात न देणारा कसला तपस्वी? पण त्या अरण्यात आणखीही पाडसं असणार, सिंह तर होताच. त्यांच्यासाठी भरताचा जीव कासावीस झाल्याचं गोष्टीत कुठे येत नाही. राज्याएवढं मोठं मन त्याने चार खुरांत बसवलं. हरणावर प्रेम केलं म्हणून तो अडकला नाही. बाकी सगळ्यांवरचं प्रेम काढून त्याने ते हरणावर घातलं, म्हणून अडकला.

हा माझा पदरचा अर्थ नाही. बुवांनी गोष्ट हरणाच्या जन्मापाशी थांबवली, भागवत मात्र पुढे जातं. हरणाच्या जन्मानंतर भरत माणूस म्हणून जन्मतो, वेड्यासारखा राहतो, लोक त्याला जडभरत म्हणतात. रहूगण राजाची पालखी उचलायला एक भोई कमी पडतो, तेव्हा याला धरून आणतात. पायाखाली जीव येऊ नये म्हणून हा पुढची जमीन बघून पाऊल टाकतो. बाकीच्या भोयांशी त्याची चाल जुळत नाही आणि पालखी हिंदकळते. राजा चिडून टाकून बोलतो. मग याच वेड्याच्या तोंडून त्याला ज्ञान ऐकावं लागतं आणि तो पालखीतून उतरून त्याच्या पाया पडतो. राजाला हिसके बसले तरी चालतील, पण किडामुंगी चिरडता कामा नये, इथवर भरत पोचला होता. दोन जन्म घालवून त्याने प्रेम करणं सोडलं नाही. एका हरणापुरतं होतं ते त्याने पायाखालच्या जमिनीपर्यंत नेलं. आसक्ती वाईट म्हणून माया आखडती घ्या, असं सांगणाऱ्यांनी हा तिसरा जन्मही सांगावा.

माया अशी पसरायला खोडकर कुत्रं फार उपयोगी पडतं, असा माझा अनुभव आहे. शहाणं, आज्ञाधारक जनावर आपल्याला मालक असल्याचा भास देतं आणि 'माझं, माझं' सुरू होतं. टिक्या ती संधीच देत नाही. उलट त्याच्यापायी आम्हाला माणसांत जावं लागलं. ज्यांच्याशी आमचं जेमतेम बोलणं होतं, त्यांच्याकडे डावी चप्पल घेऊन गेलो, क्षमा मागितली, चहा पिऊन आलो. पाटीलमामांची ओळख अशीच झाली. टिक्यामुळे आमचं घर आकसलं असतं तर बुवांचं म्हणणं मी मुकाट्याने मानलं असतं. ते वाढलं. प्रेमाची पारख करायला मला याहून चांगली कसोटी माहीत नाही. एकावर जीव लावल्याने बाकीचे जवळ आले की लांब गेले, एवढं बघावं.

परवाच्या रविवारी पत्ते पिसताना मी हे सगळं मांडलं. पाटीलमामांनी शंका काढली, "पण बाई, अंते मति सा गति, त्याचं काय? शेवटी कुत्रंच डोळ्यांपुढे आलं तर?"

कुसुमने पानं खाली ठेवली. "माझ्यासमोर कितीतरी माणसं गेली, मामा. देवाचं नाव घेत गेलेली होती. पण म्हशीला वैरण घातली का, नात शाळेतून आली का, नळ बंद केला का, असं विचारत गेलेलीच जास्त. ती सगळी काय म्हशीच्या जन्माला गेली?"

"आणि नळवाले?" शालनने विचारलं. मग म्हणाली, "माझ्या डोळ्यांपुढे टिक्या आला तर येऊ दे बाई कुत्र्याचा जन्म. फक्त घर हेच मिळू दे."

इथे माझ्यातली गणिताची बाई जागी झाली. घर निवडायची सोय नाही, शालन. सांगलीत कुत्री किती आणि त्यांतल्या कितींना चार वाजता टिपॉयच्या कडेला नाक टेकायला मिळतं, याचा विचार कर. तुला हे घर मिळण्याची शक्यता अगदीच थोडी. पुलाखाली, उकिरड्यावर, बाजारात दगड खात जन्म काढण्याची शक्यता कितीतरी जास्त. तेव्हा पुनर्जन्म खरा मानायचा तर टिक्याचे लाड करून भागत नाही. गावातल्या कुठल्याही कुत्र्याचं जिणं सोसण्याजोगं करावं लागतं, कारण आपली पाळी कुठे येईल ते सांगता येत नाही. आणि पुनर्जन्म खोटा मानला तरी काम तेच उरतं. त्या पुलाखाली आज कुणीतरी आहेच.

"नुसती पाण्याची भांडी ठेवून पुण्य गाठीशी बांधू नका," कुसुम म्हणाली. "पिसाळलेलं कुत्रं चावून गेलेलं पोर मी बघितलंय. गल्लीतल्या सगळ्या कुत्र्यांना आधी रेबीजची सुई, मग नसबंदी. पोरं वाचली, तरच लोक कुत्र्यांना जगू देतील."

मामांनी टेम्पोची सोय करायचं कबूल केलं, शालनने खर्चाचा पहिला हप्ता उचलला आणि गल्लीतल्या कुत्र्यांची यादी करायचं काम माझ्याकडे आलं. डाव त्या दिवशी अर्धाच राहिला.