रान कुणी खाल्लं?

अस्वलाने कुणाला फाडलं, बिबट्या गोठ्यात शिरला किंवा रोह्यांच्या कळपाने हरभरा तुडवला, की बुलढाणा जिल्ह्यात एक वाक्य हमखास कानावर येतं: माणसं वाढली, जंगल आटलं, आता जनावरांनी जायचं कुठे? पारावर हे बोललं जातं, पंचनाम्याला आलेल्यांसमोर बोललं जातं. मध्यंतरी एका व्याख्यानमालेत एका अभ्यासू वक्त्यांनी तर त्याला सिद्धांताचं रूप दिलं. जिल्ह्याची लोकसंख्या १९६१ साली साडेदहा लाख होती, २०११ साली ती २५ लाख ८६ हजार झाली. जवळजवळ अडीचपट झालेल्या या आकड्यातच इथल्या वाघाचं, सालईचं आणि गवताचं मरण आहे, बाकीची कारणं दुय्यम आहेत, असा त्यांनी निकाल दिला. सभागृहाने तो टाळ्या वाजवून मान्य केला.

मला तो मान्य नाही. आकडे बरोबर आहेत. त्यांतून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे, आणि ज्यांच्या निर्णयांनी रान गेलं त्यांना तो मोकळं सोडतो, म्हणून हा लेखी प्रतिवाद.

वक्त्यांच्या मागे कोण उभं आहे हे वाचकांना ठाऊक आहे. माल्थस आहे. १९६८ साली ‘द पॉप्युलेशन बॉम्ब’ लिहिणारे पॉल एर्लिक आहेत, ज्यांना दिल्लीतल्या एका रात्री टॅक्सीतून दिसलेल्या गर्दीत जगाचा अंत दिसला. त्याच वर्षी सामायिक कुरणाच्या नाशाचं प्रमेय मांडणारे गॅरेट हार्डिन आहेत. त्यांची उजळणी मी करत नाही. बुलढाणा ज्यात येतो त्या वऱ्हाडच्या रानाबद्दल बोलायचं तर लक्ष्मण सत्या या इतिहासकारांकडे जावं असं मला वाटतं. त्यांचं वऱ्हाडातल्या कापूस आणि दुष्काळावरचं पुस्तक १९९७ साली आलं, गुराढोरांवरचं नंतर. दोन्ही इंग्रजीत आहेत, आणि ज्या मुलखाबद्दल आहेत तिथे ती फारशी वाचली जात नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलं. १८६१ साली अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिथला कापूस विलायतेला पोचेना, आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर इथल्या काळ्या मातीवर खिळली. १८७० साली जलंबपासून खामगावपर्यंत कापसासाठी रेल्वेचा फाटा टाकला गेला. त्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आला होता. बारा-तेरा किलोमीटरच्या लोहमार्गासाठी व्हाइसरॉय येतो, यावरून त्या कापसाचं मोल कळतं. सत्या दाखवतात ते असं, की त्या काळात इथली जमीन वाढत्या तोंडांना भाकरी हवी म्हणून नांगराखाली आली नाही. सारा रोखीत भरायचा होता आणि रोख कापसातूनच मिळत होती. ज्वारीची जमीन कापसाकडे गेली. गावाभोवतीचं पडीक, चराऊ रान फुटलं. उरलेल्या जंगलाचे सरकारने वर्ग पाडले: इमारती लाकडाचं वेगळं, रमणे आणि बाभूळबनं वेगळी, चराईचं वेगळं. पिढ्यानपिढ्या मोकळं असलेलं गवत पट्टी भरून मिळू लागलं. बंजाऱ्यांच्या बैलतांड्यांचा व्यापार रेल्वेने घेतला आणि त्यांच्या वाटेवरची कुरणं शेतांनी.

मग दुष्काळ आले, १८९६-९७ चा आणि लगेच १८९९-१९०० चा. १८९१ ते १९०१ या दहा वर्षांत वऱ्हाडची लोकसंख्या साधारण पाच टक्क्यांनी घटली. बुलढाणा जिल्ह्यातली घट त्याहून कितीतरी मोठी होती. वक्त्यांच्या सिद्धांताप्रमाणे माणसं कमी झाली म्हणजे रानाला उसंत मिळायला हवी होती, फुटलेल्या कुरणांत पुन्हा पवन्या उभा राहायला हवा होता. तसं झालं नाही. कापसाखालची जमीन पुढच्या दशकांत वाढतच गेली. माणसं मेली, गुरं मेली, रान परतलं नाही. लोकसंख्येवरचं हे या जिल्ह्याने दिलेलं, अत्यंत क्रूर किमतीचं प्रत्यक्ष प्रमाण आहे, आणि लोकसंख्येवर बोलणाऱ्यांनी ते आधी वाचायला हवं.

सत्या सगळं खापर परक्या सत्तेवर फोडतात, असा आक्षेप घेता येईल. तो अर्धा खरा आहे, कारण १९४७ नंतरही गाडी त्याच रुळावरून चालली. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली. हे माणसं वाढली म्हणून झालं का? सोयाबीनचं तेल आपण खाल्लं, पण पेंडीचा मोठा भाग कोंबड्यांच्या खुराड्यांत आणि परदेशी गेला. ज्वारी गेली तसा कडबा गेला. कडबा गेल्यावर गुरं एकतर बाजारात गेली, नाहीतर ई-क्लासच्या, म्हणजे सरकारी चराऊ जमिनीच्या, उरल्यासुरल्या गवतावर तुटून पडली. ज्वारी हिवाळाभर शेतात उभी असायची, कणसांवर पाखरं असायची, ताटांच्या आडोशाला तितर-ससे असायचे. सोयाबीन शंभरेक दिवसांत उपटून होतं आणि दसरा-दिवाळीला शेत उघडं पडतं.

आणि निंदण. चिखली-मेहकरकडच्या कुठल्याही गावात साठीच्या बाईला विचारा. निंदणाला गेलेली बाई संध्याकाळी रिकाम्या हाताने घरी येत नसे. ओट्यात चिवळ असे, तांदुळजा असे, पहिल्या पावसात तरोट्याची कोवळी पानं असत. निवडून, धुऊन, तव्यावर लसूण-मिरचीत परतली की रात्रीची भाजी झाली. ही वनस्पतीच होती, तिची नोंद कुठल्या अभयारण्याच्या फलकावर नसली तरी. आता पेरणीनंतर पंधरा-वीस दिवसांत तणनाशकाचा पंप फिरतो. फवारा धुऱ्यावरही जातो, धुऱ्याचं गवत पिवळं पडून बसतं, आणि पुढच्या वर्षी तिथे गाजरगवत सगळ्यांच्या आधी उगवतं. मजुरी परवडत नाही म्हणून शेतकरी तणनाशक मारतो. निंदणाला माणसं मिळत नाहीत ही त्याची तक्रार आहे. ज्या शेतात माणसं कमी पडतात म्हणून चिवळ मेली, तिथे माणसं जास्त झाली म्हणून निसर्ग मेला, असं कोणत्या तोंडाने सांगायचं?

ज्ञानगंगेच्या अस्वलांचंही असंच आहे. २०५ चौरस किलोमीटरच्या या अभयारण्याच्या कडेला मका आहे, भुईमूग आहे, सीताफळाची झाडं आहेत. अस्वल येणारच. पण माणसाची आणि त्याची गाठ पडते ती बहुधा अंधारात, पहाटे, नाल्याच्या काठी. त्या वेळी माणूस तिथे का असतो? शेतीपंपाची वीज पाळीपाळीने येते, आणि रात्रीची पाळी आली की हरभऱ्याला पाणी द्यायला शेतकरी बॅटरी घेऊन रात्रीच निघतो. बाकीच्या रात्री रोही-रानडुकरांसाठी जागलीला. दिवसा वीज द्या ही या भागातली जुनी मागणी आहे, आणि वन्यजीवांच्या दृष्टीनेही तिच्याइतकी उपयोगी मागणी मला माहीत नाही. तिच्यात कुणाला मुलं किती हा प्रश्न कुठेच येत नाही.

माणसांच्या दाटीत जनावर राहू शकत नाही या समजाला सगळ्यात मोठं उत्तर एका वाघाने दिलं. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून हा तरुण नर २०१९ च्या जूनमध्ये निघाला. गळ्यात रेडिओ कॉलर होती, म्हणून त्याच्या वाटेचा ठावठिकाणा उपग्रहाने टिपला. तेलंगणात जाऊन तो परत फिरला, मराठवाड्यातून आला आणि डिसेंबरात ज्ञानगंगेत पोचला. नऊ महिन्यांत तीन हजार किलोमीटरच्या वर चालला. भारतात नोंद झालेला वाघाचा हा सर्वांत लांब प्रवास. दर चौरस किलोमीटरला दोन-अडीचशे माणसं राहतात अशा मुलखातून, शेतांतून, नाल्यांच्या काठाने, रस्ते ओलांडत. माणसाला इजा झाल्याचा प्रसंग एकच, तोही तो पडून होता त्या झुडपात माणसं शिरली तेव्हाचा. त्याला लागलं ते इतकंच: नाल्याकाठी झुडूप, रात्रीचा अंधार आणि पोटापुरती शिकार. ज्ञानगंगेत शिकार मिळाली, जोडीदारीण मिळाली नाही. नाल्यांचं ‘खोलीकरण’ करताना काठची झुडपं जेसीबीने साफ करायची की ठेवायची, हा निर्णय कागदावर होतो. समृद्धी महामार्ग मेहकर-सिंदखेडराजाच्या अंगाने गेला, त्याखालून जनावरांना वाट किती ठेवायची हाही कागदावरच ठरला.

२०११ च्या जनगणनेत बुलढाण्याची घनता २६८, कोल्हापूरची ५०४. बुलढाण्यात जंगल शंभरातलं जेमतेम सहा-सात, कोल्हापुरात पाचव्या हिश्श्याहून जास्त, आणि राधानगरीत गवे आहेत. यावर ‘तिकडे सह्याद्री आहे, पाऊस आहे’ असं उत्तर येईल. अगदी बरोबर. म्हणजे जमीन, पाऊस, पीक, कायदा हे सगळं आधी विचारात घ्यावं लागतं, आणि डोक्यांची संख्या त्यानंतर येते. लोणारकडे पाहा. पावणेदोन-दोन किलोमीटर व्यासाचं, उल्कापाताने झालेलं हे विवर. त्यातल्या खाऱ्या, अल्कधर्मी पाण्यातली सूक्ष्म जीवसृष्टी जगात दुर्मीळ. २०२० साली पाणी गुलाबी झालं तेव्हा सगळा देश पाहायला धावला, त्याच वर्षी सरोवर रामसर यादीत गेलं. काठावरच्या गावाची लोकसंख्या २०११ साली २३ हजारांच्या घरात. एवढ्याशा गावाच्या सांडपाण्याने या सरोवराला वर्षानुवर्षं घोर लावला, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत प्रकरण गेलं. नाल्या नीट असत्या तर पन्नास हजारांचं गावही तिथे निर्धोक नांदलं असतं.

असं सगळं असलं तरी पीक, वीज, रस्ते, नाल्या यांचा हिशेब केल्यावर काहीतरी शिल्लक उरतं, आणि ते लोकसंख्येच्याच दारात जातं. ते नाकारून मला पुढे जाता येत नाही. बापाची बारा एकर तिघांत वाटली की चार-चार एकर होते. तीन घरं, तीन बोअर, तीन पाणंदी. चार एकरवाल्याला हातभर रुंदीचा धुरा सोडणं जड जातं. तो दरवर्षी एकेक तास आत नांगरतो, भावाभावांची भांडणं होतात, आणि शेवटी दोन शेतांत एक दगड तेवढा उरतो. धुऱ्यावर बोर होती, पळस होता, हिवर होता, त्यांच्या मुळाशी घोरपडीचं आणि मुंगसाचं बीळ होतं. या जिल्ह्यात अभयारण्यांबाहेरचं बरंचसं रान धुऱ्यांवर आणि ई-क्लासवरच होतं. ज्याला वाटणीत काहीच आलं नाही तो ई-क्लासवर झोपडी घालतो, दोन एकर फोडतो. त्याच्यावर राग धरणं मला जमत नाही, पण गवत गेलं हेही खरं.

इथे एर्लिक पुन्हा भेटतात, आणि या खेपेला मी त्यांच्या बाजूने आहे. २००३ साली ‘नेचर’मध्ये जिआनगुओ लिऊ आणि सहकाऱ्यांचा निबंध आला, त्याच्या लेखकांत एर्लिकही आहेत. त्यांनी माणसांऐवजी कुटुंबं मोजली. जैवविविधतेने संपन्न देशांत कुटुंबांची संख्या माणसांपेक्षा वेगाने वाढत होती, आणि लोकसंख्या घटत होती तिथेही घरं वाढत होती. बुलढाण्यात १९८१ ते १९९१ मध्ये लोकसंख्या २५ टक्क्यांनी वाढली, २००१ ते २०११ मध्ये १६ टक्क्यांहूनही कमी. महाराष्ट्रात आता एका बाईमागे सरासरी दोन मुलंही नाहीत. जन्मदर उतरला तरी घरं फुटायची थांबलेली नाहीत. लोकसंख्येचा रानावरचा भार वाटणीतून, घरांच्या संख्येतून आणि प्रत्येक घराच्या बोअरमधून येतो. वाटणीला उपाय असतात: सामायिक विहीर, सामायिक कुंपण, मोजून कायम केलेला धुरा, गावाने राखलेलं कुरण. कारंज्याकडे फासेपारध्यांच्या वस्त्यांनी गवताळ रानं राखली, तणमोरासाठी राखली; हार्डिन यांचं प्रमेय तिथे लागू पडलं नाही.

‘माणसं कमी करा’ या उपदेशाची किंमत कोण मोजतं हेही वक्त्यांनी पाहायला हवं होतं. आपल्याकडे लहान कुटुंबाचा आग्रह पोचला तो मुलाच्या हट्टासकट. २०११ साली या जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे मुली ९०० च्याही खाली होत्या. २०१५ मध्ये ‘बेटी बचाओ’ योजनेच्या पहिल्या शंभर जिल्ह्यांत बुलढाण्याचं नाव आलं. दुसरी किंमत संग्रामपूर तालुक्यात अंबाबरव्याच्या जंगलातल्या आदिवासींनी मोजली. मेळघाट व्याघ्रप्रकल्पासाठी तिथली गावं उठली. ती गरज होती की नव्हती यावर प्रामाणिक मतभेद असू शकतो. पण ज्यांची संख्या सगळ्यांत कमी, ज्यांच्या घरात बोअर नाही, सोयाबीन नाही, त्यांनाच आधी हलावं लागलं, यावर मतभेद होऊ शकत नाही.

आता २०२७ ची जनगणना आहे. आकडे आले की वर्तमानपत्रं तालुकावार वाढ छापतील आणि व्याख्यानमालांना नवा विषय मिळेल. माझी मागणी जिल्हा प्रशासनाकडे आणि त्याहून जास्त ग्रामसभांकडे आहे. त्या तक्त्याला चार रकाने जोडावेत: तालुक्यात ई-क्लास नोंदीवर किती आणि जागेवर किती उरलं, कुटुंबं किती वाढली, बोअर किती झाल्या, आणि शेतीपंपाच्या किती फीडरना अजून रात्रीचीच वीज आहे. तलाठी, ग्रामसेवक आणि वीज कंपनी यांच्या दप्तरांत यांतलं बरंचसं आजच पडून आहे.