दातातलं सिमेंट

जिभेचं टोक सावकाश त्या दाढेवर न्या, जिच्यात दाताच्याच रंगाचं सिमेंट भरलं आहे. तुमच्या तोंडात नसेल, तर घरात कुणाच्या तरी दातात असेल; त्याची आठवण धरा. दात कुठे संपतो आणि भरलेलं कुठे सुरू होतं, हे जिभेला कळतंय का? उत्तराची घाई नको.

आता त्या पदार्थाच्या आत उतरू. आपण सिमेंट म्हणतो, डॉक्टर कंपोझिट म्हणतात. त्यात काचेचे, सिलिकाचे अतिबारीक कण असतात आणि त्यांना धरून ठेवणारं रेझीन. अमेरिकेत राफाएल बोवेन यांनी हे रेझीन घडवलं. १९६२ साली त्याचं पेटंट मिळालं. काच आणि रेझीन आपणहून एकमेकांना धरत नाहीत. म्हणून कणांवर सिलेनचा पातळसा थर चढवतात. त्याचं एक टोक काचेला बिलगतं, दुसरं रेझीनला. इथे जरा थांबा. घास चावताना येणारा भार याच सांध्यातून पलीकडे जातो.

मग निळा लाईट. थर साधारण दोन मिलिमीटरचा, आणि त्यावर तो प्रकाश वीसेक सेकंद. डोळे मिटा आणि तेवढा वेळ श्वास येऊ-जाऊ द्या. त्या वेळात कॅम्फरक्विनोन नावाचं पिवळं द्रव्य ४७० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश पितं, आणि सुटे रेणू हात धरून साखळ्या बनवू लागतात. प्रकाश जसा खोल जातो तसा क्षीण होतो. जाड थर एकदम भरला, तर वरून टणक लागतं आणि तळ मऊ राहतो. नीट भरलं तरी सगळे हात जुळत नाहीतच. बरेच मोकळे राहतात.

या मोकळ्या हातांवर मन स्थिर करा. मला सगळा विषय इथे एकवटलेला दिसतो. प्रयोगशाळेत हिऱ्याचं टोक दाबून खळगा मोजतात. साखळ्या अपुऱ्या असतील तर टोक खोल रुततं. पाणीही तिथूनच शिरतं, आणि पाण्याबरोबर चहाचा रंग. काचेचे कण टणकपणात मोठा वाटा उचलतात हे खरं. पण रंग टिकवायचा तर रेझीन पुरतं जुळलेलं हवं. नाही तर उरलेलं कॅम्फरक्विनोन पिवळंच राहतं, सोबतची अमाइन द्रव्यंही काळाने पिवळी पडतात.

आता अगदी वरच्या पापुद्र्याकडे या. हवेतला ऑक्सिजन तिथे साखळ्या जुळू देत नाही, म्हणून तो चिकट राहतो. फोडणीतल्या हळदीला अशी जागा फार आवडते. शेवटचं घासणं आणि पॉलिश हा पापुद्रा काढण्यासाठीही असतं. ते होईपर्यंत खुर्चीत तोंड उघडं ठेवून बसणं कंटाळवाणं असलं, तरी ती मिनिटं डॉक्टरांना मनापासून द्या. काहीजण शेवटच्या प्रकाशाआधी वर ग्लिसरीनचं जेल लावतात, म्हणजे हवा पोचत नाही.

काही वर्षांनी तो दात आरशात बघाल, तेव्हा रंग कुठे बदललाय ते शांतपणे न्याहाळा. वरवर बसलेला डाग पॉलिशने निघतो. कडेलाच तपकिरी रेघ दिसली, तर तिथली पकड सुटली आहे का हे डॉक्टरांना तपासू द्या. आतूनच सगळं पिवळं झालं असेल, तर घासून ते जात नाही.