झाडे मोजून माती कळत नाही

एप्रिल २०२५ मध्ये हैदराबाद विद्यापीठालगतच्या कांचा गच्चीबावलीतील ४०० एकरांवरची वृक्षतोड सर्वोच्च न्यायालयाने थांबवली, तोवर सुमारे १०० एकर उघडे पडले होते. पुढची चर्चा बरीचशी झाडांभोवतीच फिरली: किती तोडली, बदल्यात किती लावायची. तेलंगणातल्या खुरट्या शुष्क जंगलात ही मोजदाद दुबळी ठरते. ग्रॅनाइट झिजून झालेल्या इथल्या तांबड्या, रेताड ‘चलका’ मातीत सेंद्रिय द्रव्य मुळात थोडे, आणि तेही बहुतेक वरच्या थरात. तो थर यंत्राने खरवडल्यावर खड्ड्यात लावलेले रोप जगेलही. पण गळलेल्या पानाचे पुन्हा अन्न करणारी व्यवस्था त्या रोपाबरोबर येत नाही. ती व्यवस्था चालवतात मातीतली विकरे, आणि त्यांवरून मातीचे आरोग्य ओळखण्याच्या कल्पनेने बरीच वळणे घेतली आहेत.

मातीतल्या विकरांची नोंद १८९९ सालापासून सापडते. पण त्यांवरून सुपीकता ठरवावी हा आग्रह १९५०च्या दशकात जर्मनीत हॉफमन यांनी धरला. १९५६ मध्ये लेनहार्ड यांनी डिहायड्रोजनेज मोजण्याची रीत दिली. रंगहीन क्षार मातीत मिसळायचा. सूक्ष्मजीवांचे श्वसन चालू असेल तर तो लाल होतो. १९६९ मध्ये टबाटबाई आणि ब्रेमनर यांनी स्फुरद मोकळे करणाऱ्या फॉस्फेटेज या विकरासाठी तासाभरात पिवळा रंग देणारी चाचणी बसवली. इतक्या सोप्या चाचण्या हाती आल्यावर एकाच आकड्याने मातीचा निकाल लावायचा मोह होणारच. तो फार टिकला नाही, हे बरेच झाले.

आक्षेप भक्कम होते. सूक्ष्मजीव मेल्यावरही युरिएज, फॉस्फेटेज यांसारखी विकरे चिकणमातीला आणि ह्यूमसला चिकटून टिकतात. स्कुजिन्स आणि मॅक्लारेन यांना तर हजारो वर्षे गोठून राहिलेल्या मातीतही ती कार्यक्षम आढळली. मग आकडा आजच्या जिवंतपणाचा की जुन्या शिलकीचा? शिवाय चाचणी होते ३७ अंशांवर, खाद्याची रेलचेल करून. म्हणजे मोजली जाते ती क्षमता, प्रत्यक्ष काम नव्हे. स्फुरद भरपूर असलेल्या मातीत फॉस्फेटेज अनेकदा कमी भरते, म्हणून ती माती आजारी ठरत नाही.

हे सारे मान्य करूनही मला वाटते, शुष्क जंगलात याच अडचणींचा उपयोग होतो. डिहायड्रोजनेज जिवंत पेशीतच काम करते, फॉस्फेटेज पेशीबाहेरही टिकते. दोन्ही शेजारी मांडली तर चालू कमाई आणि शिल्लक वेगळी दिसू लागते. वैशाखात कमाई घटते. तापलेल्या कोरड्या मातीवर पहिला पाऊस पडताच श्वसनाची जी उसळी येते ती बर्च यांनी पूर्व आफ्रिकेतल्या मातीत अभ्यासली होती. १९५८ चा त्यांचा निबंध प्रसिद्ध आहे. आपल्याकडे ती मृगात यावी. म्हणून नुसत्या मे महिन्यातल्या नमुन्यावर जंगलाला नापास करणे जितके चूक, तितकेच जुलैतल्या नमुन्यावर लागवडीला पास करणे. नमुने दोन्ही ऋतूंचे हवेत, आकडा सेंद्रिय कर्बाच्या प्रमाणात मांडायला हवा, आणि तुलना त्याच ग्रॅनाइटवरच्या न खरवडलेल्या जंगलाशी व्हायला हवी. चिलकूरच्या मृगवनीत किंवा शहराच्या पोटातल्या केबीआर उद्यानात अशी जागा शोधता येईल; केबीआरमध्ये मात्र माणसाचा वावर मोठा, तेव्हा जागा निवडून घ्यावी लागेल.

एवढी यातायात कोण करणार, हा उरलेला आक्षेप. पाटणचेरूच्या इक्रिसॅटमध्ये १९७६ पासून चाललेल्या पाणलोट प्रयोगात काळ्या शेतजमिनीतला कर्ब आणि सूक्ष्मजीवांचे वस्तुमान मोजले गेले आहे. संतोषनगरच्या ‘क्रिडा’ (CRIDA) या कोरडवाहू शेती संशोधन संस्थेचा तर कोरडवाहू मातीची गुणवत्ता हा नेहमीचाच विषय. म्हणजे प्रयोगशाळा शहरातच आहेत. वनीकरणाच्या अहवालात मात्र रोपांच्या संख्येशेजारी मातीचा रकाना अजून आखायचा आहे.