सवलत कोणाची, तूट कोणाची

मुंबई महापालिकेच्या हद्दीतील ५०० चौरस फुटांपर्यंतच्या, म्हणजे ४६.४५ चौरस मीटरपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर संपूर्ण माफ करण्याची घोषणा १ जानेवारी २०२२ रोजी झाली. पालिकेची निवडणूक तेव्हा दाराशी आली होती. सुमारे १६ लाख घरांना लाभ होईल आणि वर्षाला सुमारे ४६२ कोटी रुपयांची तूट येईल, असा हिशेब त्या वेळी मांडला गेला. त्यातले सुमारे ४१७ कोटी पालिकेचे, उरलेले राज्याचे. माफीचे आश्वासन २०१७च्या पालिका निवडणुकीतले होते. मार्च २०१९मध्ये, लोकसभेची आचारसंहिता लागण्याच्या तोंडावर, त्यातला फक्त ‘सर्वसाधारण कर’ माफ झाला. जल कर, मलनिःसारण कर, शिक्षण उपकर, वृक्ष उपकर, पथकर हे बिलातले बाकीचे घटक तसेच राहिले, आणि कर माफ झाला असे ऐकलेल्या घरांच्या हातात पुन्हा बिले पडली. एकाच माफीला दोन निवडणुकांचा मुहूर्त लाभला.

निवडणुकीच्या तोंडावर कर सोडण्याची रीत मुंबईपुरती नाही. १ फेब्रुवारी २०१९च्या अंतरिम अर्थसंकल्पात पाच लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावरचा आयकर सुटला, आणि दोन-अडीच महिन्यांत मतदान सुरू झाले. मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवरचा हलक्या वाहनांचा टोल १४ ऑक्टोबर २०२४च्या मध्यरात्रीपासून बंद झाला आणि दुसऱ्याच दिवशी विधानसभेची निवडणूक जाहीर झाली. अशी उदाहरणे वाचकाला पाठ असतात.

या सगळ्यांवर पहिला आक्षेप असतो तो वेळेचा. मतदानाआधी सहा महिने कोणतीही करसवलत नको, आचारसंहिता आधीपासून लावा, असे उपाय त्यातून सुचवले जातात. आक्षेपामागची तळमळ खरी आहे, पण उपाय टिकत नाही. आचारसंहितेची तारीख मागे सरकवली की घोषणाही तेवढीच मागे सरकते. टोलमाफीने एका दिवसाचे अंतर राखले, उद्या ती सहा महिन्यांचे राखील. शिवाय कर किती असावा आणि कोणावर असावा हा लोकशाहीतला मूळ प्रश्न आहे. रुग्णालय बांधून देण्याचे आश्वासन निवडणुकीत चालत असेल, तर कर कमी करण्याचे आश्वासनही चालले पाहिजे. एरवी पाच वर्षे करदात्याला कोणी विचारत नाही. मतदानाआधीच्या दोन महिन्यांतही त्याचा विषय काढायचा नाही, हे कोणत्या न्यायाने?

म्हणून कॅलेंडर बाजूला ठेवून दुसरा भेद तपासावा लागतो : सवलत देणारा कोण आणि तूट सोसणारा कोण. टोल राज्याने सोडला आणि ठेकेदाराच्या भरपाईचा भारही राज्यावरच आला. तो निर्णय चूक म्हणता येईल, पण त्याचा धनी स्पष्ट आहे. २०१९चा आयकर केंद्राने सोडला. त्या काळात विभाज्य करांतला ४२ टक्के वाटा राज्यांचा होता, म्हणून सोडलेल्या प्रत्येक शंभर रुपयांमागे जवळपास बेचाळीस रुपये राज्यांच्या खात्यातले गेले. श्रेय मात्र दिल्लीत राहिले. मुंबईच्या मालमत्ता करात हा भेद सर्वांत उघड दिसतो. कायदा बदलण्याचा अधिकार विधिमंडळाचा, घोषणा राज्य सरकारची, आणि तुटीचा नऊ-दशांश भाग पालिकेचा.

यावर एक युक्तिवाद फार जोरात केला जातो. मुंबई महापालिकेच्या बँकांतल्या ठेवी ८० हजार कोटींच्या वर होत्या. अशा श्रीमंत संस्थेने दोन खोल्यांच्या घरात राहणाऱ्या कारकुनाकडून कर का घ्यावा? आकडे युक्तिवाद करणाऱ्याच्या बाजूने आहेत हे मान्य केले पाहिजे. पालिकेचा २०२२-२३चा अर्थसंकल्प ४५,९४९ कोटींचा होता. त्यापुढे ४६२ कोटी म्हणजे जेमतेम एक टक्का. या माफीमुळे मुंबईतले एखादे रुग्णालय बंद पडले किंवा एखादा रस्ता राहून गेला, असे म्हणणे खोटे ठरेल. पण ठेवी म्हणजे मोकळा पैसा नव्हे. त्यात कर्मचाऱ्यांचा भविष्यनिर्वाह निधी आणि निवृत्तिवेतनाची रक्कम आहे, कंत्राटदारांच्या अनामत रकमा आहेत, हाती घेतलेल्या प्रकल्पांसाठी राखलेला पैसा आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ठेव एकदाच मोडता येते आणि कर दरवर्षी येतो. झाडूवाल्याचा पगार, पंपाचे वीजबिल, दवाखान्यातली औषधे हे खर्च दरवर्षीचे आहेत.

आणि त्या कारकुनाला न्याय मिळाला का? मुंबईत २०१० पासून मालमत्ता कर भांडवली मूल्यावर आकारला जातो. महागड्या वस्तीत जास्त, स्वस्त वस्तीत कमी. माफी मात्र क्षेत्रफळावर दिली गेली. मलबार हिलवरच्या ४८० चौरस फुटांच्या सदनिकेला कर नाही आणि मानखुर्दमधल्या ५२० चौरस फुटांच्या घराला आहे. माफी मूल्याच्या मर्यादेवर बसवता आली असती. गरिबाचे नाव घेऊन केलेल्या निर्णयात गरिबी मोजण्याचे माप एवढे ढोबळ असावे, हे खटकते.

याच महाराष्ट्राने एके काळी उलटा प्रयोग करून दाखवला आहे. १९७२च्या दुष्काळानंतर ग्रामीण भागात मागेल त्याला काम देण्यासाठी पैसा हवा होता. वि. स. पागे यांच्या कल्पनेतल्या रोजगार हमी योजनेसाठी १९७५मध्ये व्यवसाय कर आला आणि १९७७मध्ये योजनेचा कायदा झाला. मुंबई-पुण्यातल्या पगारदाराच्या पगारातून दरमहा कापली जाणारी छोटी रक्कम मराठवाड्यातल्या नालाबांधावर मजुरी होऊन पोहोचू लागली. कर वाढवणारा तो निर्णय राज्याच्या राजकारणाने पेलला, कारण त्याच्या दुसऱ्या टोकाला काय आहे हे प्रत्येकाला दिसत होते. कर लोकांना नेहमीच नकोसा असतो, हे गृहीत धरणाऱ्यांनी त्या वर्षांचा अभ्यास केला पाहिजे.

करसवलतीचा सेवांवरचा परिणाम मुंबईत शोधला तर सापडणार नाही. तो ठेवी नसलेल्या शहरांत शोधावा लागतो. तिथे जकात गेल्यावर आलेला स्थानिक संस्था कर, म्हणजे एलबीटी, व्यापाऱ्यांच्या आंदोलनामुळे २०१४च्या निवडणुकीचा विषय झाला आणि १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींच्या आतल्या उलाढालीवरचा कर रद्द झाला. व्यापाऱ्यांची तक्रार रास्त होती, करपद्धती खरोखर जाचक होती. पण त्या दिवसापासून महापालिकांचा हक्काचा पैसा मंत्रालयातून येणारे अनुदान झाला. अनुदान आले की आधी पगार भागवायचे, मग वीजबिले, मग ठेकेदारांची थकबाकी; देखभालीची पाळी शेवटची. नवा पूल बांधायला कर्ज मिळते, केंद्राची योजना मिळते, उद्घाटनाला मंत्री मिळतो. जुन्या जलवाहिनीची गळती काढायला यातले काहीच मिळत नाही. रिक्त पदे भरली जात नाहीत, शाळेच्या गळक्या छताचा प्रस्ताव पुढच्या वर्षावर जातो, आणि नागरिकाला पाणी कमी दाबाने का येते याचे कारण कोणत्याही जाहीरनाम्यात सापडत नाही, कारण सवलत आणि गळती यांच्यामध्ये पाच-सहा वर्षे गेलेली असतात.

तोडगा नाही असे नव्हे. तो मुंबईतच आहे. १ जुलै २०१७ला वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईची जकात गेली. वर्षाला सात हजार कोटींच्या आसपासचे उत्पन्न. पण त्यासोबत राज्याने भरपाईचा कायदा केला : २०१६-१७ हे आधारवर्ष, दरवर्षी आठ टक्के वाढ, आणि रक्कम दरमहा पालिकेला. कर काढून घेणाऱ्यानेच तूट भरण्याची जबाबदारी कायद्याने स्वीकारली. हीच अट प्रत्येक करमाफीला लावता येते. विधिमंडळाला पालिकेचा कर माफ करायचा असेल तर त्याच विधेयकात भरपाईची रक्कम, तिची वार्षिक वाढ आणि ती राज्याच्या कोणत्या उत्पन्नातून येणार हे लिहिलेले असावे. मग घोषणा मतदानाच्या आदल्या आठवड्यात झाली तरी बिघडत नाही. उलट तीच योग्य वेळ ठरेल, कारण मतदारासमोर लाभ आणि खर्च एकाच कागदावर येतील.

प्रत्यक्षात मात्र पालिकांवर दोन उलट हुकूम चालत आले आहेत. पंधराव्या वित्त आयोगाने शहरी संस्थांच्या अनुदानाला अट घातली : मालमत्ता कराचे किमान दर अधिसूचित करा आणि वसुली राज्याच्या सकल उत्पन्नाच्या वाढीइतकी वाढवा. त्याच वेळी मतांसाठी तोच कर माफ करण्याची चढाओढ राज्यात चालू राहिली. मालमत्ता कर हे एलबीटी गेल्यानंतर बहुतेक महापालिकांच्या हातात राहिलेले सर्वांत मोठे स्वतःचे उत्पन्न आहे, आणि त्याचा दर ठरवण्याचे स्वातंत्र्य त्यांना निवडणुकीच्या वर्षात उरत नाही.