नैवेद्यातील जायफळ आणि मात्रेचा प्रश्न

रत्नागिरी जिल्ह्यात गणेश चतुर्थीच्या उकडीच्या मोदकांचे सारण असो, होळीची पुरणपोळी असो वा उपवासाची खीर असो, वेलदोड्याबरोबर थोडे जायफळ किसून घालण्याची रीत सर्वत्र आढळते, आणि ज्या पाकात कांदा-लसणाला प्रवेश नाही त्या पाकात जायफळाला मात्र कोणी हरकत घेत नाही. वस्तुतः कांद्याने किंवा लसणाने कोणाचे भान जात नाही, पण जायफळ अधिक प्रमाणात खाल्ल्यास ते जाऊ शकते. मग चित्त झाकोळण्याची शक्ती असलेले फळ देवापुढे कोणत्या आधारावर चालते, हा प्रश्न धर्मविचाराच्या दृष्टीने दुर्लक्षिण्यासारखा नाही.

जायफळ हे मूळचे आजच्या इंडोनेशियातील बांदा बेटांवरच्या सदाहरित वृक्षाचे बी असून, त्याभोवतीचे लालभडक जाळीदार वेष्टन म्हणजे जायपत्री होय. रत्नागिरीजवळील भाट्ये येथील प्रादेशिक नारळ संशोधन केंद्राने नारळाच्या सावलीत मसाल्याची झाडे घेण्याची ‘लाखी बाग’ ही पद्धत रुजवली, त्यात जायफळाला मानाचे स्थान आहे; या वृक्षात नर व मादी झाडे बहुधा वेगळी असल्यामुळे मादी झाडांची कलमे बांधून लागवड करणे हिताचे ठरते. बियांतील सुगंधी तेलात मिरिस्टिसिन आणि एलेमिसिन ही द्रव्ये असतात. खिरीत पडणाऱ्या चिमूटभर जायफळातून ती नगण्य प्रमाणात पोटात जातात. परंतु 5 ग्रॅम, म्हणजे साधारण एक जायफळ, एका वेळी खाल्ले तर मळमळ, कोरडे तोंड, धडधड, भ्रम आणि भास अशी लक्षणे काही तासांनी उद्भवू शकतात. परिणाम उशिरा दिसत असल्याने काहीच झाले नाही असे समजून माणूस आणखी खातो, आणि धोका वाढतो तो येथेच.

धर्मग्रंथांकडे वळल्यास असे दिसते की, मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लसूण, कांदा, अळंबी इत्यादी पदार्थ द्विजांना नावानिशी वर्ज्य सांगितले आहेत, पण त्या यादीत जायफळ नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायाची रीत याहून वेगळी आहे. तेथे सात्त्विक, राजस व तामस आहाराचे वर्णन पदार्थांच्या नावांनी न करता त्यांचे गुण, त्यांचे परिणाम आणि ते कोणाला प्रिय असतात यांच्या आधारे केले आहे. म्हणून एखादी वस्तू जन्मतःच सात्त्विक अथवा तामस असते, या रूढ समजुतीला गीतेचा आधार मानला जातो तितका भक्कम नाही. असे असले तरी नैवेद्यात जायफळ का चालते, याचे उत्तर लोकाचाराने आपल्या आचरणातून दिले. प्रश्न म्हणून तो उघडपणे मांडला नाही.

तो उघडपणे मांडला गेला तो त्याच किनाऱ्यावर नांदणाऱ्या दुसऱ्या परंपरेत. कोकणी मुसलमान समाज प्रामुख्याने शाफई, म्हणजे इमाम शाफई यांच्या धर्मशास्त्रीय परंपरेचा अनुयायी आहे, आणि त्या परंपरेतील पंडितांनी सोळाव्या शतकात जायफळावर गंभीर चर्चा केली. मक्केत वास्तव्य करणारे इब्न हजर अल-हैतमी यांनी जायफळ मादक, म्हणून हराम असे कठोर मत दिले, तर इजिप्तमधील शिहाबुद्दीन अर-रमली यांनी अल्प प्रमाण वैध आणि अधिक प्रमाण निषिद्ध असा निर्णय दिला. ज्याचे पुष्कळ सेवन मादक त्याचे थोडेही निषिद्ध, हा नियम मद्यासारख्या द्रव पदार्थांना लागू पडतो, मात्र घन पदार्थांत नशा आणणारे प्रमाण तेवढे वर्ज्य ठरते, हा भेद शाफई विवेचनात महत्त्वाचा मानला गेला. लोकाचाराने जे मुकाट्याने पाळले तेच अर-रमली यांच्या बाजूच्या पंडितांनी कारणांसह मांडले, आणि त्या कारणमीमांसेचे मोल हिंदू वाचकालाही वाटावे असे आहे.

यावर एक सबळ आक्षेप निघतो: मात्राच निर्णायक असेल, तर थोडे मद्यही का चालू नये? आयुर्वेदाला हा आक्षेप फारसा अडचणीचा नाही, कारण योग्य रीतीने योजलेले तीव्र विषही उत्तम औषध होते आणि चुकीने योजलेले औषधही विष ठरते, असे चरकसंहिता पहिल्याच अध्यायात सांगते, आणि विधिपूर्वक मद्यसेवनाचाही विचार ती करते. धर्मशास्त्राची भूमिका निराळी आहे, कारण त्याला शरीराबरोबर हेतूचीही चौकशी करावयाची असते. मद्य बहुधा मदासाठीच घेतले जाते आणि थोडे घेतल्याने अधिकाची ओढ लागते. जायफळाचा गंध मात्र अल्पात पुरा होतो व अधिक झाल्यास पदार्थ कडवट होतो. म्हणून केवळ मात्रा नव्हे, तर मात्रा आणि हेतू ही दोन्ही मिळून जायफळाला निर्दोष ठरवतात, असे म्हणणे अधिक न्याय्य होय.

हेतूची ही कसोटी घरगुती औषधाला लावली की प्रश्न अवघड होतो. आयुर्वेदाने जायफळ ग्राही, म्हणजे मल बांधणारे, आणि दीपन, म्हणजे जठराग्नी वाढवणारे मानले. अतिसारात ते पोटात देतात, तर सर्दीने डोके दुखू लागल्यास त्याचा लेप कपाळावर लावतात. बाळगुटीत वेखंड, हिरडा, मुरडशेंग यांच्याबरोबर जायफळाचेही सहाणेवर वेढे दिले जातात, आणि किती वेढे द्यावयाचे हे घरातील वडीलधाऱ्या बायकांना ठाऊक असते. या मोजदादीत पिढ्यांचा अनुभव आहे, हे आदराने मान्य केले पाहिजे. तथापि, बाळाचे पोट दुखते म्हणून दिलेले वेढे आणि ते शांत झोपावे, घरची कामे उरकावीत म्हणून दिलेले वेढे सहाणेवर सारखेच दिसले, तरी हेतूने भिन्न आहेत. पहिल्यात उपचार आहे, दुसऱ्यात ज्याला होकार वा नकार देता येत नाही अशा जिवाला दिलेली गुंगी आहे. पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज बाळाला काही देऊ नये, असे आजचे बालरोगतज्ज्ञ सांगतात, आणि एवढ्या लहान देहाला निर्धोक ठरेल असे जायफळाचे प्रमाण निश्चित झालेले नाही. अशा स्थितीत तान्ह्या बाळाच्या गुटीतून जायफळ वगळले, तर त्यात परंपरेचा अवमान होत नाही, कारण ज्या मात्राविचाराने ते नैवेद्यात आले, त्याच विचाराने ते येथे वर्ज्य ठरते.