आजीला संत करू नका

घरातलं सगळ्यांत मोठं माणूस गेलं की कुणाला तरी चार शब्द बोलावे लागतात. हल्ली हे काम बहुधा परदेशातल्या नातवंडांवर येतं. ‘तू शिकलेला, तूच लिही,’ असा फोन येतो आणि आपण लिहायला बसतो. आयुष्यभर कष्ट केले, कुणाचं मन दुखावलं नाही, कधी तक्रार केली नाही. तुम्हीही असा मजकूर कधी लिहिला असेल, निदान घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाचून हात जोडले असतील. त्यातलं प्रेम खरंच असतं. तरीही एक प्रश्न उरतो. दीर्घ आयुष्य जगलेल्या माणसाची आठवण म्हणजे त्याची स्तुती, असं आपण का धरून चालतो?

माझी आजी वसईची, कुपारी समाजातली. 1928 साली जन्मली आणि 2024 साली गेली. लाल लुगडं नेसून तिने पानवेली, केळी आणि भाजी सांभाळली. पहाटेच्या लोकलने फुलांच्या टोपल्या मुंबईला नेल्या. राजेळी केळ्यांची सुकेळी घालताना ती पोरांना जवळ फिरकू देत नसे. आयुष्याची पहिली तीन-साडेतीन दशकं तिने लॅटिनमधली मिस्सा ऐकली. 1962 ते 1965 या काळात दुसरी व्हॅटिकन परिषद भरली, त्यानंतर हळूहळू वेदीवरून मराठी ऐकू येऊ लागली. तेव्हा कसं वाटलं, असं विचारल्यावर ती म्हणायची, “आधी काय मागतोय ते कळत नव्हतं. मग कळायला लागलं आणि मागायची लाज वाटू लागली.”

हीच आजी मुलींना चौथीनंतर शाळेतून काढून वाडीत घेऊन गेली आणि मुलांना मात्र मॅट्रिकपर्यंत शिकवलं. थोरल्या सुनेला पहिली काही वर्षं तिने माहेरी मुक्कामाला जाऊ दिलं नाही. विहिरीच्या पाण्यावरून शेजारणीशी तिचं जे बिनसलं, ते वीस वर्षं टिकलं. तिच्या शहाण्णव वर्षांत हेही होतं. मग तिच्याविषयी बोलताना हे गाळायचं की सांगायचं?

गंमत अशी की ज्या चर्चमध्ये आपण स्तुतीचा कागद घेऊन उभे राहतो, त्या चर्चचं याबाबतचं मत बरंच कोरडं आहे. अंत्यविधीच्या मिस्सेत फादरांनी छोटंसं प्रवचन करावं, पण ते मृताचं गुणगान होऊ नये, अशी रोमन मिस्सेच्या नियमांत स्पष्ट सूचना आहे. घरच्यांना शेवटाकडे आठवणीचे दोन शब्द बोलता येतात, एवढंच. पहिल्यांदा ऐकलं की हे निष्ठुर वाटतं. आईची शवपेटी समोर आहे आणि तिचं कौतुक करायचं नाही?

पण थोडा विचार करून पाहा. मृतांसाठी प्रार्थना करायची म्हणजे त्यांना अजून कशाची तरी गरज आहे असं मानायचं. जो परिपूर्ण झाला, त्याच्यासाठी काय मागणार? स्तुती हिशेबाची वही बंद करते. प्रार्थना ती उघडी ठेवते. खुद्द संतपद देतानाही चर्चला स्तुती पुरेशी वाटली नव्हती. 1587 पासून जवळपास चार शतकं आक्षेप घेण्यासाठी एक स्वतंत्र अधिकारी नेमलेला असे. लोक त्याला ‘सैतानाचा वकील’ म्हणत. 1983 च्या सुधारणांनंतर त्याचं काम पूर्वीसारखं राहिलं नाही. आपण मात्र आपापल्या आज्यांना एका संध्याकाळीच, एकही आक्षेप न घेता, संत करून टाकतो.

आईवर लिहिणारे पुष्कळ झाले, पण मला संत ऑगस्टीन वेगळा वाटतो. त्याची आई मोनिका इ. स. 387 मध्ये रोमजवळच्या ओस्तिया बंदरात, परक्या भूमीत वारली. वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी. सुमारे दहा वर्षांनी त्याने ‘कन्फेशन्स’मध्ये तिच्याविषयी लिहिलं. त्यात तिची माया आहे, तिचे अश्रू आहेत आणि लहानपणी तिला चोरून दारूचे घोट घ्यायची सवय लागली होती, तेही आहे. शेवटी तो देवाकडे तिच्या पापांची क्षमा मागतो आणि वाचकांनाही तिच्यासाठी प्रार्थना करायला सांगतो. तिच्यावर त्याचं प्रेम कमी होतं, असं कोण म्हणेल?

तुम्ही म्हणाल, गेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये, हे आपल्याकडे लहान मूलही जाणतं. ते बरोबरच आहे, कारण मेलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही. पण त्याच न्यायाने खोट्या स्तुतीलाही त्याला नकार देता येत नाही. शिवाय स्तुती ऐकायला जिवंत माणसं बसलेली असतात. ‘तिने कधी तक्रार केली नाही’ हे वाक्य शवपेटीजवळ उच्चारलं जातं, पण ते पोचतं पुढच्या बाकावरच्या सुनेपर्यंत आणि नातीपर्यंत. त्यांच्यासाठी तो उपदेश असतो. आणि चौथीत शाळा सुटलेली लेक तिथेच बसलेली असते. आई किती थोर होती हे ती ऐकते आणि तिच्या वाट्याला आलेलं नुकसान त्या थोरपणाखाली गाडलं जातं. आजीच्या त्यागाचं कौतुक करताना तो त्याग कुणी करवून घेतला आणि पुढे तिने तो कुणाकडून करवून घेतला, हे विचारणं म्हणजे तिचा अपमान नव्हे. तिलाही एकदा शाळेतून काढलं गेलं होतं, हे त्या प्रश्नामुळेच कळतं.

दूर राहणाऱ्यांना हा मोह जास्त असतो. जवळचे लोक आजीला रोज पाहतात, तिचा संताप सोसतात, तिला औषध पाजतात. आपल्याला दोन वर्षांतून तीन आठवडे मिळतात आणि तेवढ्या दिवसांत ती आपले लाडच करते. अंतराने माणूस गुळगुळीत होतो. मग अंत्यविधी मोबाइलवर पाहताना आपल्याला आठवते ती फक्त सुकेळी.

मग आठवण ठेवायची कशी? उत्तर आजीच्याच सवयीत होतं. रोज रात्री रोझरी संपली की ती मृतांची नावं घ्यायची. आईवडील, नवरा, तान्हेपणी गेलेलं एक मूल, आणि त्या यादीत विहिरीवरची शेजारीणही. तिचा राग गेला नव्हता. नाव घेताना आवाज जरा कडक व्हायचा, पण एकही रात्र ते नाव गळलं नाही. ती कुणाचंच वर्णन करत नसे, चांगलं नाही की वाईट नाही. फक्त नाव घ्यायची आणि पुढे जायची.

तुम्ही ख्रिस्ती नसाल तर तर्पण आठवा. तिथेही भाषण नसतं. तीन पिढ्यांची नावं, गोत्र, तीळ आणि पाणी. गेलेला माणूस थोर होता का, असं कुणी विचारत नाही. तो आपला होता आणि त्याला काही द्यायचं आहे, एवढं पुरतं.

ओस्तियात मरताना मोनिकाने मुलांना सांगितलं होतं की हे शरीर कुठेही पुरा, पण जिथे असाल तिथे प्रभूच्या वेदीजवळ माझी आठवण करा. आफ्रिकेतल्या आपल्या गावी, नवऱ्याशेजारी पुरलं जावं म्हणून आयुष्यभर झटलेल्या बाईने शेवटी ती इच्छाही सोडून दिली. मातीपासून दूर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना यात मोठा दिलासा आहे, पण एक जबाबदारीही आहे. तिने मागितली ती आठवण. कौतुक तिने मागितलं नव्हतं.

म्हणून पुढच्या वेळी तुमच्या हाती तो कागद आला, तर आजी कशी सोसत होती हे जरूर सांगा. त्याचबरोबर तिचं काय राहून गेलं आणि तिच्यामुळे कुणाचं काय राहून गेलं, याचीही आठवण ठेवा. सगळं व्यासपीठावरून बोललंच पाहिजे असं नाही. शाळा सुटलेल्या आत्याला फोन करून तिची गोष्ट नीट ऐकून घेतली, तरी आजीच्या नावाने काहीतरी दिल्यासारखं होईल. 2 नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, मेणबत्ती लावताना त्या मेणबत्तीला थोडा अर्थ येईल.